अर्ध्या वाटेत आहे ताई, परत येऊ का?

आलेलं पत्र, थोडं कापून:

"ताई, मी २९ वर्षांची, मूळची सांगलीची, पुण्यात आयटीत होते. नोकरी सोडून कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर नैरोबी ते केपटाऊन असं सगळं जमिनीवरून निघालेय, बस, ट्रेन, वडापसारख्या गाड्या, जे मिळेल ते. आज २७ वा दिवस. सध्या मलावीत न्खाटा बेला आहोत, बाहेर एवढा मोठा तलाव आणि मी खोलीत मच्छरदाणीत बसून हे टाइप करतेय. सकाळी वाटतं काय भारी आयुष्य आहे आणि दुपारपर्यंत वाटतं आत्ताच्या आत्ता विमान पकडून घरी जावं. रोज हेच, दिवसातून चारचार वेळा. परवा मिनीबसमध्ये रडले, कारण काय तर बाटलीतलं पाणी संपलं. मैत्रिणीशी दोन दिवस कामापुरतंच बोलणं चालू आहे, ती प्रत्येक गोष्टीत पैसे मोजते. झोप धड नाही, मलेरियाची आठवड्याची गोळी घेते त्या रात्री तर भयानक स्वप्नं पडतात. घरच्या ग्रुपवर मात्र रोज फोटो टाकते आणि सगळे म्हणतात नशीब काढलंस. इथे ओव्हरलँड ट्रकमधून, म्हणजे ट्रकची बस करून फिरवणाऱ्या टूरमधून, गोरी पोरं येतात, ती सगळी मजेत असतात. मीच कमी पडतेय का? परत यावं तर बाबांचं 'सांगितलं होतं' ऐकावं लागेल. आणि वरण-भाताची आठवण येऊन रडू येतं हे कुणाला सांगू? — अर्ध्यात अडकलेली"

अगं अडकलेली, बाकीचं सगळं नंतर, आधी त्या गोळीचं बघ.

तू ते वाक्य जाता जाता टाकलंयस आणि मी तिथेच अडकले. आफ्रिकेसाठी दिलेली, आठवड्यातून एकदा घ्यायची मलेरियाची गोळी म्हणजे बहुतेक मेफ्लोक्विन. पाकीट काढ आणि नाव वाच. तीच असेल तर भयानक स्वप्नं, झोप उडणं, जीव घाबरा होणं, कारण नसताना उदास वाटणं हे सगळं तिच्या साइड इफेक्टमध्ये छापलेलंच आहे, अमेरिकेत तर २०१३ मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतली वॉर्निंग टाकायला लावली, तिकडे औषधावर याहून कडक वॉर्निंग नसते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ही गोळीच कारण आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली त्यांना आज फोन कर, उद्या नाही, आणि रडणं, झोप, स्वप्नं हे सगळं कधीपासून सुरू झालं ते तारखेसकट सांग. त्या जागी रोज घ्यायच्या दुसऱ्या गोळ्या असतात, डॉक्सिसायक्लिन किंवा अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, तुला कुठली चालेल ते तेच ठरवतील. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नकोस, तू मलावीत तलावाच्या काठावर बसलीयेस, तिथला मलेरिया थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आणि कधी जीव नकोसा वगैरे वाटायला लागलं तर फोनची वाट बघायची नाही, मैत्रिणीला उठवायचं, अबोला असला तरी, आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं.

डॉक्सी मिळाली तर ती भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर घे आणि घेतल्या घेतल्या आडवी होऊ नकोस, मी एकदा झालेले, छातीत असं जळलं की हार्ट अटॅकच आला वाटलं. ऊनही जास्त भाजतं त्या गोळीने. ताप आला तर गोळी चालू असली तरी त्याच दिवशी टेस्ट.

बरं. आता समज गोळीचा काही संबंध नाही असं निघालं, किंवा गोळी बदलली आणि तरी दिवसातून चार वेळा वर-खाली चालूच राहिलं. तर मग मी तुला माझी वही दाखवते.

२०१७ मध्ये मी आणि माझी मैत्रीण, दोघी चाळिशी ओलांडलेल्या, नैरोबीहून केपटाऊनला अशाच गेलो, ७४ दिवस लागले. रोज रात्री आम्ही त्या दिवसाला दहापैकी मार्क द्यायचो, दोघींनी वेगवेगळे, एकमेकींचे न बघता. केपटाऊनला पोचल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या आणि हसून हसून पुरेवाट झाली, कारण मार्कांचा आफ्रिकेशी फारसा संबंधच नव्हता. ज्या दिवशी दुपारचं जेवण बुडालं त्या दिवसाला माझे चारच्या वर मार्क नाहीत, मग त्या दिवशी सिंह दिसलेला का असेना (खरंच दिसला होता, न्गोरोंगोरोला, आणि मार्क चार). सलग दोन रात्री एकाच गादीवर झोपलो की तिसऱ्या दिवशी सात. टॉयलेटला कडी असली की अर्धा मार्क जास्त, हे मी खरंच लिहून ठेवलंय.

त्यातला एक दिवस सांगते. झांबियातलं चिपाटा ते लुसाका, पावणेसहाशेच्या आसपास किलोमीटर, तुझ्या वाटेवर पुढे हाच पट्टा येणार आहे. बस पहाटे पाचला म्हणून सव्वाचारला उठलो, पाचला जाऊन बसलो, आणि बस भरेपर्यंत पावणेआठ वाजले. निघताना टाय घातलेले एक गृहस्थ उभे राहिले आणि अख्ख्या बससाठी त्यांनी मोठ्या आवाजात प्रार्थना केली, ड्रायव्हरसाठी, ब्रेकसाठी, टायरसाठी. टायरची प्रार्थना थोडी कमी पडली पण ते नंतर. साडेनऊला कुठेतरी खिडकीतून उकडलेल्या शेंगा आल्या, मैत्रिणीने घेतल्या, मी नाही घेतल्या, पोट बिघडेल म्हणून. लुआंग्वा नदीच्या पुलापाशी सुकी मासळी विकायला बसतात, पुढच्या सीटवरच्या बाईने गोणभर घेतली आणि ती गोण माझ्या पायाखाली आली. आता मी मालवणची सून, सुकटाचा वास मला काही नवीन नाही, पण खिडक्या लावलेल्या बसमध्ये सहा तास म्हणजे सुकटाची पण हद्द झाली. मग टायर फुटलं. दोन तास झाडाखाली. शेजारी एक तरुण बाई बसलेली, तिने काही न विचारता तिचं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती निघून गेली झाडामागे, मग पाण्याच्या शोधात, मग कुणाशी तरी गप्पा मारत बसली. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं, सगळा खांदा लाळेने ओला, हातात त्याचा एक प्लास्टिकचा चमचा घट्ट धरलेला, झोपेतही सोडेना. तेवढा दीड तास मला कुठेही जायचं नव्हतं, लुसाकाला नाही, केपटाऊनला नाही, घरी पण नाही. मग परत बस, अंधार पडल्यावर लुसाका, टॅक्सीवाल्याने घेतले दुप्पट, खोलीत पोचलो तर गरम पाणी नाही, आणि मी बाथरूममध्ये उभी राहून भोकाड पसरलं. चाळिशी पार केलेली बाई, गरम पाण्यासाठी.

मार्क, मी: तीन. मैत्रीण: आठ. तीच बस, शेजारची सीट, तीच मासळी. तिने शेंगा खाल्लेल्या आणि ती दोन तास झोपलेली, बस एवढाच काय तो फरक.

म्हणून तू विचारतेस मी कमी पडतेय का, तर नाही गं, तू उपाशी आणि अर्धवट झोपलेली आहेस. पाणी संपलं म्हणून रडलीस, बरोबर आहे, वडापमध्ये कोंबून तीन तास बसलं आणि पाणी संपलं तर कुणीही रडेल. तुला सांगलीत वडाप भरेपर्यंत थांबायची सवय आहे पण तिथे तासाभराने घर येतं, इथे वडापमधून उतरलं की पुढचं वडाप. घर सोडल्यापासून २७ दिवसांत किती वेळा बॅग भरलीस ते मोज. माझा अंदाज, पंधरा तरी.

ट्रकवाल्या पोरांचं तर तू बोलूच नकोस. तुला ती संध्याकाळी दिसतात, बीचवर, हातात बाटली. मी त्यांच्यातल्या एका ग्रुपबरोबर एक रात्र शेजारी तंबू टाकून काढलीये. पहाटे साडेचारला शिट्टी वाजते, अंधारात ओले तंबू घड्या घालायचे, वीसेक लोकांचे गट पाडलेले, आज तुम्ही भांडी, उद्या तुम्ही भाजी चिरायची, परवा ट्रक झाडायचा. भांडी पुसायला फडकं वापरत नाहीत कारण एकाचं पोट बिघडलं की सगळ्यांचं बिघडतं, म्हणून सगळे गोल उभे राहून ताटल्या हवेत हलवून वाळवतात, लांबून बघितलं तर वाटतं काहीतरी पंथ आहे. त्यांचा स्वयंपाकी मला म्हणाला, तिसऱ्या आठवड्यात भांडणं ठरलेली, आणि विषय कायम तोच, पुढची सीट कोणी घ्यायची. एक मुलगी तर माझ्याशी बोलता बोलता म्हणाली तुम्ही दोघी नशीबवान, हवं तिथे थांबता. म्हणजे बघ.

आता मैत्रीण. इथे मी थोडं तिच्या बाजूने बोलणार आहे, रागावू नकोस. प्रवासात सगळ्यात त्रास देणारी माणसं दोन, एक पैसे मोजणारी आणि दुसरी न मोजणारी, आणि त्या दोघी कायम एकाच खोलीत असतात. तू तिला एकदा सरळ विचार की तुझ्याकडे किती उरलेत आणि घरी गेल्यावर काय आहे. आमच्यात मी न मोजणारी होते. मला लुसाकानंतर कळलं की तिचा घराचा हप्ता चालू होता आणि ती प्रत्येक खोलीच्या भाड्याला मनात हप्त्याने भागत होती. मला वाटत होतं कंजूष आहे. हे मी तिला महिनाभर विचारलंच नव्हतं.

आमचं सगळ्यात मोठं भांडण मात्र पैशांवरून नाही, घड्याळावरून झालं, आणि चूक शंभर टक्के माझी. मला फार हौस, निघायच्या आधी स्वाहिली आकडे पाठ केलेले. टांझानियात अरुशाला तिकीट काढताना बसवाला म्हणाला साआ कुमी ना म्बिली, मी ऐटीत मैत्रिणीला सांगितलं बारा वाजता. निवांत उठलो, अंघोळी केल्या, साडेअकराला स्टँडवर. तुला आता एव्हाना माहीत झालंच असेल, तिकडे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि आपले सहा म्हणजे बारा. बस साडेपाच तासांपूर्वी दार-एस-सलामला निघून गेली होती, आमचे पैसे घेऊन. मैत्रीण काही बोलली नाही. संध्याकाळपर्यंत काही बोलली नाही. चहावाल्या बाईने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली पोले साना, म्हणजे फार वाईट झालं हो, आणि मला एक अंडाझी जास्त दिली. अंडाझी म्हणजे तो तळलेला गोड पाव, तू खाल्लाच असशील. तर मी माफी मागितली का? नाही. मी उलट तिलाच म्हणाले तू का नाही विचारलंस परत. दोन दिवस गेले त्यात.

त्यातून आम्ही एक शिकलो, रोज एक जेवण वेगळं. दुपारी ती तिच्या टपरीवर, मी माझ्या. संध्याकाळी भेटलो की सांगायला काहीतरी असायचं. आणि पुढे लिव्हिंग्स्टनला तीन दिवस चक्क वेगळ्या राहिलो. तुम्हीही तसं करा ना. तिला जाऊ दे लिव्हिंगस्टोनियाला, हे झांबियातलं शहर नव्हे हं, मलावीतलंच, तलावाच्या वर डोंगरात, चिटिंबाहून वीसेक हेअरपिन वळणं चढून. स्कॉटिश मिशनऱ्यांनी ते १८९४ मध्ये वसवलं. आधी ते १८७५ मध्ये केप मॅक्लिअरला होते, मग १८८१ मध्ये बंडावेला आले, तुझ्या जवळच आहे ते, आणि दोन्ही ठिकाणी मलेरियाने इतकी माणसं गेली की शेवटी डोंगर चढून वर गेले. (बघ, मी फिरून गोळीवर आले. फोन केलास का?) ती वर जाऊन येईल, तू काठावर पडून राहा. फक्त कुठे आणि कुठल्या दिवशी भेटायचं ते कागदावर लिहून दोघींनी ठेवायचं आणि दोघींच्या फोनमध्ये लोकल सिम पाहिजे.

आता वरण-भात. हे कुणाला सांगू म्हणतेस, मला सांग, मला तर हा पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटला. तू न्सिमा खाऊन कंटाळली असणार. केनियात टांझानियात उगाली, मलावीत न्सिमा, झांबियात न्शिमा, झिम्बाब्वेत साड्झा, दक्षिण आफ्रिकेत पाप, बॉर्डर बदलली की नाव बदलतं आणि ताटात तोच मक्याच्या पिठाचा पांढरा गोळा. मी पहिले दहा दिवस त्याला नावं ठेवली आणि मग एका बाईने मला खायचं कसं ते दाखवलं, छोटा गोळा तोडायचा, बोटांनी वळायचा, अंगठ्याने मध्ये खळगा करायचा आणि त्यात कालवण उचलायचं. कालवणाला तिकडे न्डिवो म्हणतात, आणि ते कालवणच आहे गं, जे काही गोळ्याबरोबर लावून खायचं ते सगळं न्डिवो. जेवायच्या आधी हातावर पाणी घालतात, उजव्या हाताने जेवतात. ट्रकवाली पोरं चमचा मागत होती, मी तिथे पहिल्यांदा कुणापेक्षा तरी हुशार ठरले.

पण तुला वरण पाहिजे ना, तर बाजारात जा आणि नांडोलो विचार. नांडोलो म्हणजे तूर. खरी तूर, आपली. मलावीत दक्षिणेकडे भरपूर पिकते आणि भारतात येते, २०२१ मध्ये दोन्ही सरकारांचा वर्षाला ५० हजार टन तूर घ्यायचा करार झाला होता, म्हणजे तू सांगलीत खाल्लेल्या वरणात मलावीची तूर गेलेली असू शकते, आणि तू तिच्याच गावात बसून तिच्यासाठी रडतेयस. तुझ्याकडे न्खाटा बेच्या बाजारात मिळाली तर ठीक, नाहीतर म्झुझुला मिळावी, तास-दीड तासाची वाट आहे. आख्खी मिळते, सालासकट, फोडलेली डाळ हवी तर लिलाँग्वेच्या ओल्ड टाउनमध्ये गुजराती दुकानं आहेत तिथे बघ. आख्खी रात्रभर भिजत घाल, हॉस्टेलच्या किचनमध्ये कुकर नसणार तर पातेल्यात झाकण ठेवून तास-दोन तास लागतील. हळद, मीठ, वरून लसूण. हिंग तू आणला नसशील. मी नेला होता, डबी बॅगेत उघडली आणि ७४ दिवस माझे सगळे कपडे हिंगाचे.

मैत्रिणीला पण वाढ. अबोला असला तरी वरण वाढताना मोडतो, निदान आमच्याकडे मोडतो.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकू नकोस असं मी म्हणणार नाही, टाक, ते फोटो खोटे नाहीत, ती सकाळ खरीच होती. पण एका माणसाला खरं सांग, एकालाच, आई असेल, भाऊ असेल. "मी सेफ आहे, पण दमलेय, झोप नाही, दोन दिवस रडतेय, तीन दिवस एका जागी थांबतेय, बाबांना इतक्यात सांगू नको" एवढा मेसेज पुरतो. आणि बाबांचं 'सांगितलं होतं' हे किती वेळ चालतं गं? आमच्याकडे दहा मिनिटं चालायचं, मग चहा यायचा. त्या दहा मिनिटांना घाबरून तू अजून चाळीस दिवस बसमध्ये बसणार आहेस का? आणि उलट पण विचार, फक्त ते ऐकायला लागू नये म्हणून पुढे जायचं, हे कारण झालं का?

परत येऊ का याचं उत्तर मी देणार नाही, पण कधी ठरवायचं ते सांगते. गाडीत ठरवायचं नाही, बॉर्डरवर नाही, उपाशी असताना नाही, रात्री नऊनंतर तर अजिबात नाही. गोळीचा निकाल लाव, तीन रात्री, जमल्या तर चार, त्याच गादीवर झोप, रोज दुपारी बसून जेव, आणि मग एका सकाळी चहा झाल्यावर स्वतःला विचार. तेव्हाही घरीच जावंसं वाटलं तर जा, सरळ जा, लिलाँग्वेहून अदिस अबाबा आणि तिथून मुंबई, पिवळं कार्ड, म्हणजे यलो फीव्हरच्या लसीचं, पासपोर्टमध्येच ठेव, मुंबईत उतरल्यावर मागू शकतात. २७ दिवस जमिनीवरून गेलीस ते काही कुणी परत घेत नाही.

पुढे जायचं ठरलं तर प्लॅन अर्धा कर. लिलाँग्वे ते चिपाटा हा छोटा दिवस आहे, तिथे दोन रात्री, मग तो मासळीचा दिवस, लुसाकाला दोन रात्री, मग लिव्हिंग्स्टनला चार. आत्ता मे चालू आहे, तिथला व्हिक्टोरिया धबधबा पूर्ण भरात असणार, १०८ मीटरवरून पडतो आणि फवारा एवढा उडतो की धबधब्यासमोर उभं राहून धबधबा दिसत नाही, प्लास्टिकचा रेनकोट घे आणि फोन पिशवीत घाल, मी घातला नव्हता. मला विचारशील तर बोट्स्वाना सोड, सार्वजनिक गाड्यांनी ते जिवावर येतं. आम्ही लिव्हिंग्स्टनहून कातिमा मुलिलोवरून थेट नामिबियाच्या राजधानीची, विंडहुकची, बस पकडली होती, रात्रभराची, रस्त्यावर हत्तींपासून सावध राहा अशा पाट्या, आणि ती पाटी चेष्टेत लावलेली नाही हे पहाटे कळलं. नामिबिया महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि माणसं जेमतेम ३० लाख, त्यामुळे वडाप वगैरे विसर, सॉससफ्लायच्या वाळूच्या डोंगरांकडे बस जातच नाही. तिथे मात्र पाच-सहा दिवसांसाठी तुझ्या त्या मजेतल्या पोरांसारखा एखादा ग्रुप पकड, ताटल्या हलवायला शीक. दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाची तारीख आजच बघून घे, एवढ्या थांबण्यात ती संपत नाही ना.

आणि लोकांशी बोल गं जरा, पत्रात अख्ख्या मलावीतलं एकही माणूस नाही. काही विचारायच्या आधी कसे आहात विचारतात तिकडे, मुली ब्वांजी म्हणायचं. मलावीतल्याच करोंग्याला पहिल्यांदा कंडक्टर आमच्याकडे बघून "मुली ब्वांजी" म्हणाला तर आम्ही दोघी चाट, म्हटलं याला कसं कळलं मराठी, आणि वर आम्हाला मुली म्हणतोय! मैत्रीण घड्याळाच्या भांडणानंतर पहिल्यांदा तिथे हसली. उत्तर द्यायचं न्डिली ब्विनो, मी बरी आहे. बरी नसलीस तरी म्हणायचं, आपण पण 'बरंय' म्हणतोच की.

दोन बारक्या गोष्टी. तलावात पोहली असशील तर, पोहलीच असशील, बिलहार्झिया नावाचा जंत पाण्यातून कातडीतून आत जातो, शेवटचं पोहल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी टेस्ट करून घे, गोळ्यांनी जातो, घाबरण्यासारखं नाही, डॉक्टरांना 'मलावी तलाव' एवढं सांग.

आणि मलावीचा पैसा क्वाचा, झांबियाचा पण क्वाचा. क्वाचा म्हणजे पहाट, आणि मलावीत त्याच्या सुट्ट्या पैशाला तांबाला म्हणतात, म्हणजे कोंबडा, किती छान ना. पण झांबियाचा एक क्वाचा मलावीच्या कितीतरी क्वाचांना येतो आणि बॉर्डरवर नोटा बदलणाऱ्याने मला दोन्हींची मिसळ करून दिली, मी कोंबडा-पहाट करत हसत बसले आणि त्याने मोजून दाखवलेल्या गठ्ठ्यात निम्म्या नोटा दुमडलेल्या होत्या, एकेक दोनदा मोजलेली. दोन वेगळे खिसे ठेव, आणि मोजायला मैत्रिणीला दे.